आर्गिरीस एका जागी बसत नाही

स्टुटगार्ट, १४ जानेवारी १९७३

सासूबाईंना वैयाचा नमस्कार.

अक्रोड आणि लोकरी मोजे मिळाले. मोजे आर्गिरीसचे समजून मी आधी नाकाशी धरले, मग उलगडून बघते तर झिसिसच्या मापाचे. तुमचा मुलगा ते घालून घरभर फिरतोय आणि मला हसतोय.

मुद्द्याचं लिहिते. आम्हाला दुसरी खोली मिळाली. जुन्या मालकिणीला घरात मूल चालत नव्हतं, म्हणून तर आर्गिरीस सहा महिन्यांचा असताना मी त्याला तुमच्या ओटीत घालून परत आले. नव्या मालकिणीला ऐकू कमी येतं, म्हणजे आपल्याला हवी तशीच बाई आहे. मागे अंगण आहे आणि अंगणाला फाटक आहे. सूतगिरणीत मला कायमची सकाळपाळी मिळाली. झिसिसला ओतकामाच्या कारखान्यात दुपारपाळी. मधल्या वेळात खालच्या मजल्यावरची फोतिनी मुलाकडे बघेल. ती कोझानीची आहे, ग्रीक, आपल्यातलीच.

म्हणून ईस्टरच्या पुढच्या आठवड्यात मी येते आणि त्याला घेऊन जाते. विमानाने. रेल्वेत जायला दोन दिवस आणि यायला दोन दिवस मोडतात आणि रजा आठवड्याचीच आहे. तुम्ही त्याचे कपडे तेवढे धुऊन ठेवा.

तुमची सून,
वैया

---

कारिदोहोरी, ४ फेब्रुवारी १९७३

वैया, पोरी,

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा चष्मा नव्हता, दुसऱ्यांदा होता. मजकूर तोच निघाला.

खोली मिळाली, चांगलं झालं. सकाळपाळी मिळाली, देव त्या मुकादमाचं भलं करो. पण विमानाचं जे लिहिलंस त्यावर माझं ऐक. ऑगस्टमध्ये तू येऊन गेलीस तेव्हा तुझा मुलगा रांगत होता. तुझ्या डोळ्यांपुढे तोच असणार. त्यानंतर त्याने चालणं केलंच नाही, रांगता रांगता उठला तो थेट पळायलाच लागला. मी मागावर बसते तेव्हा माझ्या स्वयंपाकाच्या फडक्याचा बंद त्याच्या कमरेला आणि दुसरं टोक मागाच्या खांबाला बांधते. परवा खांब ओढायला लागला. कणीक मळायच्या काथवटीत बसून त्याने सगळं पीठ अंगावर घेतलं. शेळीच्या मागे जात जात देवळात पोचला तेव्हा पाद्रीबाबांनी त्याला काखोटीला मारून घरी आणला आणि म्हणाले, "सुल्ताना, याला एक तर पाद्री कर नाही तर दोरीने बांध." ग्रेवेनाच्या बसमध्ये बसवला तर ड्रायव्हरच्या मानेवर चढला. बस निदान थांबवता येते.

असलं पोर तू ढगात, बंद डब्यात, परक्या माणसांत मांडीवर बसवणार? त्याला तीन वर्षांचा होऊ दे. समज आली की स्वतःच्या पायाने चढेल विमानात. तोवर इथे त्याला काय कमी आहे? दूध आहे, अंडी आहेत, मी आहे.

झिसिसने पत्रात एक ओळ लिहिली नाही. म्हणजे त्याचं मत वेगळं आहे आणि तो तुला भितो. त्याचा बापही मला भ्यायचा, त्यात वाईट काही नाही.

सुल्ताना

---

स्टुटगार्ट, २५ फेब्रुवारी १९७३

सासूबाई,

झिसिसने ओळ लिहिली नाही कारण तो पाळीवरून येतो आणि जेवता जेवता झोपतो. त्याचं मत विचाराल तर त्याला वाटतं की तुम्ही एकट्या पडाल. मलाही वाटतं. तरीही मी येणार आहे.

विमानाचं मी सगळं विचारून घेतलंय. फोतिनी गेल्या वर्षी तिच्या मुलाला घेऊन आली. तिने सांगितलं, पोटभर जेवू घालू नकोस, थोडं थोडं देत राहा. विमान चढताना आणि उतरताना कान दुखतात, तेव्हा काहीतरी चघळायला दे. एक जादा सदरा हाताशी ठेव, आणि स्वतःचाही ठेव. खिडकीची जागा मागू नकोस, वाटेकडची माग, म्हणजे पळाला तर कुणाच्या मांडीवरून उड्या मारत जावं लागणार नाही. मी वाटेकडची जागा मागून घेतली आहे. तिकीट कपाटात आहे.

तीन वर्षांचा होऊ दे म्हणता. माझ्या शेजारच्या यंत्रावरच्या अलेक्झांद्रानेही हेच म्हटलं होतं. तिची मुलगी आता सात वर्षांची आहे. उन्हाळ्यात गेली की मुलगी तिला 'मावशी, बसा' म्हणते. अलेक्झांद्रा हसत हसत सांगते आणि मग बराच वेळ यंत्रावरून मान वर करत नाही.

तुम्ही रागावू नका, पण कधी कधी मला वाटतं की त्याला सासऱ्यांचं नाव ठेवलं म्हणून तो तुम्हाला सोडवत नाही. तो तुमचा नातू आहे, सासूबाई. माझा तो मुलगा आहे. मी आले की त्याने मला ओळखावं, एवढं तरी करता येईल का तुम्हाला? त्याला माझा फोटो कधी दाखवता का?

वैया

---

कारिदोहोरी, १२ एप्रिल १९७३

वैया,

घरात ताप आहे. चांगलाच आहे. ग्रेवेनाहून डॉक्टर येऊन गेला. आत्ता येऊ नकोस, तिकीट पुढे ढकल. बरं वाटलं की कळवीन.

सुल्ताना

---

तार. स्टुटगार्ट, १९ एप्रिल १९७३

ठरल्या दिवशी येते. औषधं आणते. वैया.

---

स्टुटगार्ट, १३ मे १९७३

ख्रिस्त उठला, सासूबाई. ईस्टरचाच नमस्कार करते.

आम्ही पोचलो. आर्गिरीस सुखरूप आहे, मीही आहे. हे आधी लिहून टाकते, कारण पुढचं रागात लिहिणार आहे.

तुम्ही ताप आहे म्हणून कळवलंत. तुमचं पत्र आल्यापासून मी यंत्रावर उभी असायचे आणि धागा तुटला तरी मला कळायचं नाही. कंपनीच्या डॉक्टरच्या दारात उभं राहून, हातवारे करून औषधं मागून घेतली. आणि फाटकातून आत येते तर पोरगं शेळीच्या शेपटीला लोंबकळतंय, गाल सफरचंदासारखे. तुम्हाला विचारलं तर म्हणालात, "उतरला." मी तिथे भांडण काढलं नाही. सणाचे दिवस होते, आणि ईस्टरआधीच्या उपासांनी तुम्ही अगदी अर्ध्या झाला होतात. पण मी काय समजायचं ते समजले.

आणि निघायच्या दिवशी तुम्ही बसपर्यंत आला नाहीत. "शेळीला पाला टाकून येते," म्हणालात आणि आलाच नाहीत. ड्रायव्हरने दोनदा भोंगा वाजवला. पोर खिडकीतून अर्धं बाहेर, आजी, आजी म्हणून गाव डोक्यावर घेत होतं आणि मी त्याचे दोन्ही पाय धरून बसले होते. शेजारच्या किरात्सोने पावांचं पुडकं आत दिलं, काहीतरी सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात बस हलली. माझ्यावर राग होता तर माझ्यावर काढायचा होतात. त्याला निरोप द्यायला काय हरकत होती?

आता विमानाचं सांगते, कारण तुम्ही म्हणाला होतात तेच झालं.

विमान भरलेलं होतं, सगळी आपली माणसं. कुणाच्या मांडीवर तेलाचा डबा, कुणाच्या पायाशी चीज. पट्टा बांधायचा होता तोवर आर्गिरीस बसला, कारण खुर्चीच्या हाताला सिगारेटच्या राखेची डबी असते आणि ती उघडते, मिटते. ती त्याने विमान आकाशात जाईपर्यंत उघडली आणि मिटली. मग डबी निघून हातात आली. मग त्याने पुढच्या खुर्चीला लाथा सुरू केल्या.

पुढचा माणूस वळला. टोपी, मोठ्या मिशा. म्हणाला, "बाई, पोराला आवरा जरा."

मी म्हटलं, "आवरता येत असता तर आवरला असता. तुम्ही धरून बघा."

मला वाटलं तो चिडेल. त्याने खरंच हात पुढे केले. आर्गिरीसने आधी त्याची टोपी घेतली, मग हातातली मण्यांची माळ, मग मिशी धरून अशी ओढली की त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. तो म्हणाला, "ओढ, ओढ. माझे दोघे किल्कीसला माझ्या आईकडे आहेत. आत्ताच भेटून आलो. पहिले चार दिवस ते तिच्या झग्यामागे लपले होते आणि पाचव्या दिवशी माझं परतीचं विमान होतं." नाव स्तेर्गिओस. मग तो वळून खिडकीबाहेर बघत बसला आणि टोपी बराच वेळ आर्गिरीसच्याच डोक्यावर राहिली.

टोपी घालूनच तो पळाला. मी मागे. वाटेत खाण्याची गाडी आली तर तिच्याखालून गेला. हवाई सुंदरी जर्मनमध्ये म्हणाली की मुलाला जागेवर बसवा. मी आत्तापर्यंत शिकलेल्या सगळ्या जर्मनमध्ये तिला म्हटलं, "हा बसत नाही." ती हसली, तेव्हा माझ्या जिवात जीव आला.

आधी मला वाटलं तो नुसताच पळतोय. मग लक्षात आलं. प्रत्येक रांगेपाशी तो थांबत होता, वाकून आत बघत होता आणि पुढे जात होता. अगदी शेवटच्या रांगेत एक म्हातारी होती, काळा झगा, काळा रुमाल, मुलाकडे पुढे म्युनिकला निघालेली. तिला बघून तो असा धावला की वाटेतल्या माणसाचा कॉफीचा पेला उडाला. त्याने तिच्या गुडघ्यांना मिठी मारली, तोंड झग्यात खुपसलं. त्या बाईने त्याची हनुवटी धरून चेहरा वर केला. त्याने तिच्याकडे बघितलं.

सासूबाई, तो जसा रडला तसं रडणं मी पुन्हा ऐकायला नको. सगळं विमान वळून बघत होतं. कुणी म्हणे पाणी द्या, कुणी म्हणे साखर द्या, कुणी म्हणे एक चापट द्या. मी त्याला उचललं. त्याने माझ्या तोंडावर मारलं, खांद्याला चावला. मला वाटलं, जागेवर जाऊन त्याला घट्ट आवळून बसावं आणि विमान उतरेपर्यंत सोडू नये. मग वाटलं, नाही. त्याला शोधायचंय ना, तर शोधू दे. अर्धवट शोधलं तर आयुष्यभर वाटत राहील की पुढच्या रांगेत असेल.

मी त्याला खाली ठेवला, त्याचं बोट धरलं आणि पहिल्या रांगेपासून पुन्हा सुरुवात केली. प्रत्येक रांगेत थांबले. म्हटलं, "बघ. इथे आहे का आजी? नाही ना? चल पुढे." लोकांनाही कळलं असावं. बायका रुमाल मागे सारून त्याला चेहरा नीट बघू देत होत्या. एक पुरुष म्हणाला, "मी पण नाही रे बाबा," आणि कुणी हसलं नाही. शेवटच्या रांगेपर्यंत गेलो. त्या म्हातारीने त्याच्या डोक्यावर क्रुसाची खूण केली. मग बघायला कुणी उरलं नाही. तो वाटेतच खाली बसला, रडला नाही, नुसता बसला. मीही त्याच्याशेजारी जमिनीवर बसले. पट्टे बांधायला सांगितलं तेव्हा उचलून घेतला तर त्याने काही केलं नाही. उतरताना किरात्सोच्या पावाचा तुकडा चघळता चघळता झोपला. माझ्या खांद्यावर झोपला, पण म्हणून मी स्वतःला फसवत नाही. थकला होता, कुठेही झोपला असता.

एका गोष्टीचं बरं वाटलं ते सांगते. तुम्हाला तो आजी म्हणतो. फोतिनीचा मुलगा आला तेव्हा तो आजीलाच आई म्हणायचा आणि फोतिनीला सहा महिने 'ए बाई' म्हणत होता. मला त्याचीच भीती होती.

पण मला तो काहीच म्हणत नाही. पाणी हवं असलं की माझं बोट धरून नळापाशी ओढत नेतो. झिसिसला दुसऱ्याच दिवशी 'बाबा' म्हणाला आणि झिसिस कामावर जाताना रस्त्यात दिसेल त्याला सांगत सुटला. रोज सकाळी आर्गिरीस बूट घेऊन दारापाशी बसतो. झोपायला तासन् तास लागतात, हात मारत, काहीतरी चाचपत राहतो, काय ते मला कळत नाही. मी कामावरून आले की त्याच्याबरोबर अंगणात पळते. पळण्यात मी आता त्याच्या बरोबरीची झाले आहे.

राग लिहून झाला. आता तो राहिलेला नाही, पण लिहिलेलं खोडत नाही. तुम्ही उत्तर द्या.

वैया

---

कारिदोहोरी, १ जून १९७३

खरोखर उठला, पोरी.

तुझं पत्र किरात्सोने मला वाचून दाखवलं, कारण माझा चष्मा कोंबड्यांच्या खुराड्यात पडून फुटला. पडला कसा ते विचारू नकोस. घरात पायात येणारं कुणी नाही म्हणून मी इकडेतिकडे बघत चालते, त्यात पडला. हे पत्र चष्म्याशिवाय लिहिते आहे, ओळी वर चढल्या तर समजून घे. आज किरात्सो समोर बसून म्हणते, "सगळं लिही सुल्ताना, नाही तर मी लिहीन." म्हणून लिहिते.

ताप मला होता. पत्रात मी घरात ताप आहे असंच लिहिलं होतं, नीट वाचलंस तर कळेल. छातीत पाणी झालं होतं. डॉक्टर म्हणाला ग्रेवेनाच्या इस्पितळात चल, मी म्हटलं पोर आहे घरात. किरात्सोने आर्गिरीसला तिच्याकडे नेलं, पण तो तिच्या घराची खिडकी चढून परत माझ्या बिछान्याशी यायचा. तुला येऊ नकोस म्हटलं, कारण मला अंथरुणात बघितलं असतंस तर तू रजेचे सगळे दिवस माझी छाती शेकण्यात घालवले असतेस. आणि जाताना, म्हातारीला आधार राहील म्हणून पोर इथेच ठेवून गेली असतीस. तू तशी आहेस. पत्रात कितीही दात दाखव. तुझी तार आली त्या दिवशी मी उठून बसले. तू आलीस तोवर उभी राहिले. उपासाने कोणी एवढं वाळत नाही, वैया. मी डाळीचं सूप पोटभर पिते, साऱ्या गावाला माहीत आहे.

बसचं. मी गोठ्यात होते. शेळीला पाला कधीच टाकून झाला होता. फटीतून बस दिसते. मी बाहेर आले असते तर त्याने मला सोडलं नसतं, आणि तुला त्याला माझ्या अंगावरून ओढून काढावं लागलं असतं. मग तू त्याच्या डोक्यात तशीच राहिली असतीस, आजीपासून ओढून नेणारी बाई. मी म्हटलं, त्यापेक्षा त्याने माझ्यावर रागवावं. आजी आलीच नाही, असं वाटू दे त्याला. माझ्यावरचा राग मी इथे बसून सोसेन. तुला त्याच्याबरोबर राहायचंय.

विमानात तू त्याला रांगोरांग फिरवलंस, ते मला सुचलं नसतं. किरात्सो वाचता वाचता थांबली तेव्हा मी तिला म्हटलं, पुढे वाच, थांबू नकोस. तो तीन वर्षांचा होईपर्यंत थांब, असं मी तुला म्हटलं होतं. चुकीचं म्हटलं होतं. तुझं फेब्रुवारीचं पत्र आलं तेव्हाच मला कळलं होतं.

आता शेवटचं, आणि हे मी तुला सांगणार नव्हते. तो मला आई म्हणायचा. पहिला शब्द फुटला तोच तो. मी त्याला अडवलं नाही. म्हटलं, पोर आहे, कुणाला तरी म्हणणारच. खरं सांगायचं तर गोड लागायचं. मग तू त्या अलेक्झांद्राच्या मुलीचं लिहिलंस, आणि विचारलंस की फोटो दाखवते का. मी तुमच्या लग्नाचा फोटो खाली काढला, त्याच्या उंचीला चुलीशेजारी ठेवला. तुझ्या चेहऱ्यावर बोट ठेवून सांगायला लागले, ही आई. मी आजी. आणि त्या दिवसापासून तो मला आई म्हणाला की मी वळले नाही. तो मागे उभा राहून हाका मारायचा, मी कणीक मळत राहायचे. झगा ओढायचा, जमिनीवर लोळायचा, डोकं आपटायचा. मी उशी सरकवायचे, पण वळायचे नाही. सगळा उपासाचा काळ असा गेला. किरात्सो म्हणाली, "तुझं काळीज आहे की दगड आहे?" एके दिवशी तो दमून माझ्या पायाशी बसला आणि हळूच म्हणाला, आजी. मी वळले. त्याला उचललं. मग त्याला किरात्सोकडे सोपवून मी विहिरीवर गेले आणि बराच वेळ पाणी ओढत बसले, पाणी नको होतं तरी.

म्हणून तुला तो काही म्हणत नाही. तो शब्द त्याला येतो, वैया. पण तो उच्चारला की कुणी वळत नाही, असं मी त्याला शिकवलंय. भीत भीतच काढेल आता.

काही गोष्टी लक्षात ठेव. रात्री तो हाताने कान शोधतो. स्वतःचा नाही, दुसऱ्याचा. त्याच्याजवळ आडवी हो आणि तुझा कान त्याच्या हातात दे, लगेच झोपेल. चिमटे काढतो, सोस. बूट घेऊन बसला तर त्याला बूट घाल आणि बाहेर ने, कुठेही ने, पण ने. दूध ऊन नको, कोमट दे. झिसिसला सांग, बाबा म्हणाला म्हणून एवढं मिरवू नकोस, तो पाद्रीबाबांच्या गाढवालाही बाबाच म्हणायचा.

मी बरी आहे. छाती मोकळी झाली. ऑगस्टमध्ये या, तिघंही या. तो माझ्याकडे आला नाही, तुझ्या मागे लपला, तर मला वाईट वाटेल, आणि तू त्याला माझ्याकडे ढकलू नकोस.

आणि तो शब्द त्याच्या तोंडून येईल तेव्हा तू नळावर असशील, चुलीपाशी असशील, कामावरून दमून आली असशील. हातातलं काय असेल ते टाक आणि पहिल्या हाकेला वळ.

सुल्ताना